गाडीवाला सोडला का?

घरच्या घरी गाडी चकाचक कशी करावी हे शिकवणारी जी माणसं आहेत, त्यांच्या अंगणात कधीच कुणी येत नाही. हे मी नीट पाहिलेलं आहे. स्वच्छ सिमेंटचा उतार, टोकाला गॅरेज, भिंतीत नळ, नळाला हिरवा पाइप, डोक्यावर सावली आणि शेजार नाही. तो गृहस्थ अर्धा दिवस गाडीभोवती फिरतो, आणि अर्ध्या दिवसात एकही माणूस त्याला "काय, धुताय वाटतं?" असं विचारत नाही. शेवटी तो हात पुसत सांगतो, की हे काम नवशिक्यालाही सहज जमेल. जमेल की. त्या अंगणात मला वेदान्तसुद्धा जमेल.

माझी गाडी सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मध्ये उभी असते. तिथं रविवारी सकाळी आपली गाडी आपण धुवायला घेतली की लोकांना त्यामागचं कारण लागतं. पहिला माणूस विचारतो, "गाडीवाला सोडला का?" दुसरा विचारतो, "विकायला काढली वाटतं?" तिसरा तिथं काहीच विचारत नाही. तो संध्याकाळी घरी येतो, चहा संपवतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "ऑफिस वगैरे व्यवस्थित चालू आहे ना?" महिन्याला पाचसहाशे रुपये टाकले की जे काम परस्पर होतं, ते माणूस स्वतः करायला लागला म्हणजे त्याचं कुठंतरी बिनसलेलं आहे, यावर सोसायटीत दुमत नाही. पहाटे उठून कुणी पर्वती चढला तर त्याचं कौतुक होतं. बादली घेऊन गाडीजवळ गेला तर त्याची चौकशी होते.

आता कारण द्यायचंच तर ते असं. गाडीच्या रंगावर सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन. म्हणजे गाडीची सगळी चमक, सगळी अब्रू केसाहून पातळ थरावर उभी आहे, आणि माझ्या वयात दोन्ही एकाच वेगानं विरळ होत चालली आहेत. धुळीचा कण फडक्याखाली सापडला की तो या थरावर बारीक रेघ ओढतो. अशा हजारो रेघा जमल्या की उन्हात बॉनेटवर गोल गोल जाळं दिसतं. जाणकार त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. सावलीत ते दिसत नाहीत, आणि ते काय असतात हे ठाऊक नसेल तर उन्हातही दिसत नाहीत. मला ठाऊक झाल्यापासून दुसरं काही दिसत नाही. सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाडीच्या दरवाज्याकडे मी खिन्नपणे बघत राहतो, आणि आत बसलेल्या माणसाचा गैरसमज होतो.

शास्त्र सांगतं, बादल्या दोन हव्यात. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून घाण सोडायची आणि मगच पुन्हा शाम्पूकडे जायचं. तळाला जाळी ठेवायची, म्हणजे खाली बसलेली माती वर येत नाही. चाकांसाठी तिसरी बादली, कारण चाकांवरची ब्रेकची धूळ रंगाजवळ नेणं हे या धर्मात महापातकांत मोडतं. शास्त्राचं काही चुकत नाही. पण शास्त्राला आमचं घर ठाऊक नाही. घरात बादल्या आहेत, भरपूर आहेत, पण प्रत्येकीला तिचं काम नेमून दिलेलं आहे. आंघोळीची बादली खाली जाणार नाही. फरशीची गेली तर चालेल, पण ती परत फरशीला चालणार नाही. पाणी साठवायच्या बादलीचा विषय टँकरच्या दिवसांत काढायचाच नसतो. मी तीन नव्या बादल्या आणल्या. त्यातल्या एकीत लोणच्याच्या कैऱ्या भिजल्या, दुसरीत माळ्यावरचे दिवाळीचे आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा जाऊन बसल्या. उरलेल्या एकीत मी सध्या शास्त्र पाळतो.

पार्किंगमधल्या नळाला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि सेक्रेटरी रविवारी ताम्हिणीला जातात. म्हणून पाणी वरून, लिफ्टनं आणावं लागतं. लिफ्टमध्ये 'पाण्याच्या बादल्या नेऊ नयेत' अशी पाटी आहे. ती मी बादल्या नेऊ लागल्यानंतर लागली हा योगायोग असावा. मार्च २०२४मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला ५,००० रुपयांचा दंड ठेवला होता. ती बातमी कुणीतरी झेरॉक्स करून आमच्या सूचनाफलकावर लावली. त्या फलकावर त्याआधी वर्षानुवर्षं फक्त योगवर्गाची जाहिरात होती.

बरं, उन्हाळ्यात जे पाणी मिळतं ते टँकरचं, म्हणजे बहुतेक बोअरचं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० म्हणतं, की पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६००पर्यंत चालवून घ्यावा. टँकरवाल्यानं हे मानक वाचलं असावं असं त्याच्या पाण्यावरून वाटत नाही. असं पाणी पत्र्यावर वाळलं की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरं कडं राहतं, म्हणजे जितकी मन लावून गाडी धुवावी तितके डाग जास्त. हे डाग काढायला पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडक्यानं लावायचं आणि मग गाडी स्वच्छ पाण्यानं धुवून काढायची. स्वच्छ पाणी म्हणजे तेच.

वरून पडणाऱ्या गोष्टी वेगळ्या. पार्किंगच्या स्लॅबमधून ठिबकणारं पाणी काँक्रीटमधला चुना सोबत घेऊन येतं आणि बॉनेटवर नेमकं एकाच जागी पडत राहतं. हा थर नखानं निघत नाही आणि शाम्पूला दाद देत नाही. मी गळतीची लेखी तक्रार दिली. कमिटीनं पाहणी केली आणि गाडी फूटभर मागे घ्यावी असा ठराव केला. फूटभर मागे खांब आहे. शिवाय छतालगतच्या ड्रेनेजच्या पाइपांवर कबुतरं राहतात. दुसऱ्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ त्यांना रोज सकाळी ज्वारी घालतात. ज्वारीचं पुण्य दुसऱ्या मजल्यावर जमा होतं, पुढचं सगळं माझ्या टपावर. कबुतराची विष्ठा आम्ल असते, आणि गाडी बाहेर काढून ती उन्हात तापली की त्या जागी क्लिअर कोटवर खळगा पडतो. दिसताक्षणी ओलं फडकं ठेवून, भिजवून, न घासता उचलावी, असं सांगतात. मी उचलतो. वरून ते गृहस्थ विचारतात, "काही पडलं का?"

पण पाणी, चुना, कबुतरं यांचं मी मनावर घेत नाही. माझं खरं दुखणं गाड्या पुसणाऱ्या दादांपाशी येऊन थांबतं, कारण त्यांच्याविरुद्ध तक्रारीला जागाच नाही. माणूस सज्जन, वेळेचा पक्का. पहाटे साडेपाचला येतात. हातात एक बादली, खांद्यावर एक पिवळं फडकं. एका विंगला एक बादली असा हिशेब. माझी गाडी विंगच्या शेवटी असते, त्यामुळे तिच्या वाट्याला येणारं पाणी आधीच्या सगळ्या गाड्यांचा अनुभव घेऊन येतं. त्यात खडकवासल्याचा चिखल असतो, चालू बांधकामाची सिमेंटची धूळ असते, पलीकडच्या काकांनी नुकत्याच केलेल्या कोकण दौऱ्याची लाल माती असते.

मी त्यांना सांगितलं, "दादा, उद्यापासून माझी गाडी नका पुसू, मी बघेन." त्यांनी मान डोलावली. चेहऱ्यावर तीच चहा पिऊन गेलेल्या माणसाची काळजी. दुसऱ्या दिवशी गाडी पुसलेली. म्हटलं, "दादा, आपलं ठरलं होतं." ते म्हणाले, "पाणी नाय लावलं साहेब. नुसतं कोरडं फडकं मारलं. पैसे नका देऊ त्याचे."

आता यांना काय सांगणार? ओलं फडकं निदान धूळ भिजवतं. कोरडं फडकं ती रंगावर रगडतं. म्हणजे इतके दिवस मी पैसे मोजून गाडीवर ओरखडे काढून घेत होतो, ते आता मायेपोटी फुकट मिळू लागले. मग मी त्यांना जवळ बसवून क्लिअर कोट समजावला. मायक्रॉन सांगितले, केसाचं उदाहरण दिलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, स्वतःच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "बरोबर हाय साहेब. मग मी हळू मारत जाईन."

शेवटी तोडगा निघाला. मी त्यांना महिन्याचे पूर्ण पैसे देतो आणि ते माझ्या गाडीला हात लावत नाहीत. हा करार ते काटेकोर पाळतात. ते गावी गेले की त्यांचा भाचा येतो. भाच्याला कराराची कल्पना नाही.

गाडीला कुणीच हात लावू नये म्हणून धूळ तशीच राहू द्यावी, तर साहित्यिक मंडळी पुढे येतात. सोसायटीतल्या कुणा मुलानं मागच्या काचेवर बोटानं 'मला धूवा' असं लिहिलं. काचेवर लिहायला हरकत नाही, काच टणक असते. पण दुसरी आवृत्ती डिकीच्या पत्र्यावर निघाली. धुळीत बोट फिरवलं म्हणजे बोटाखाली वाळूचा कागदच. धुतल्यावर धूळ गेली, अक्षरं राहिली. आता गाडी कितीही धुतली तरी उन्हात तिरप्या नजरेनं पाहिलं की तिच्यावर 'मला धूवा' हे स्पष्ट वाचता येतं. कायमचं, आणि 'धू' दीर्घ.

धुतलेली गाडी स्वच्छ नसते, हे त्यापुढचं ज्ञान. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवावीत, म्हणजे नुसत्या हाताला न कळणारी खरखर कळते. या पिशव्यांवर राज्यात २०१८पासून बंदी आहे, त्यामुळे भाजीवाल्याकडे सहज मिळाली. खरखर होती. ती म्हणजे रंगात रुतलेले ब्रेकचे लोखंडी कण, डांबराचे ठिपके, झाडांचा चिकटा. ती काढायला क्ले नावाचा मऊ गोळा असतो. पत्र्यावर शाम्पूच्या पाण्याचा फवारा मारून तो अलगद सरकवत न्यायचा. मात्र तो जमिनीवर पडला की टाकून द्यायचा, कारण एखादा खडा चिकटला की तोच ओरखडे काढतो. हा गोळा हातात घेतला रे घेतला की चौथ्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारतं.

क्लेच्या आधी लोखंडी कणांसाठी एक फवारा असतो. तो लोखंडाला लागला की जांभळा होतो आणि गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. वास कुजक्या अंड्यांचा, कारण त्यातलं गंधकाचं रसायन हे केस कुरळे करायच्या लोशनच्या घराण्यातलं. बाटलीवर 'हवेशीर जागी वापरावे' असं छापलेलं असतं. आमचं पार्किंग हवेशीर आहे. ती हवा जिन्यातून सरळ वर जाते. थोड्याच वेळात पहिल्या मजल्यावर गॅसचा सिलिंडर बंद झाला, दुसऱ्यावरून ड्रेनेजवाल्याला फोन गेला, आणि तिसऱ्यावरच्या आजी, ज्यांच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नाही, त्यांनी चेअरमनना कळवलं की खाली कुणीतरी अंडी उकडतंय. चेअरमन बनियनवर खाली आले. पांढऱ्या गाडीच्या चारी चाकांतून जांभळं पाणी गटाराकडे निघालं होतं आणि मी मास्क, हातमोजे घालून बाजूला उभा होतो. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"गाडीवाला सोडला का?" त्यांनी विचारलं.

सल्ल्यांची बाजू मात्र भक्कम आहे. गाडीला कपड्यांची पावडर चालते, असं मला किमान अर्ध्या सोसायटीनं सांगितलेलं आहे. ती पावडर तेलकट डाग काढायलाच बनवलेली असते, आणि गाडीवरचं मेण तिच्या लेखी तेलकट डागच. हेडलाइट पिवळे पडले की टूथपेस्ट लावा म्हणतात. लावली की खरंच स्वच्छ होतात, कारण पेस्टमधली पूड वरचा पिवळा थर घासून काढते. त्या थरासोबत उन्हापासून वाचवणारं कारखान्याचं जे काही आवरण शिल्लक असेल तेही जातं, आणि मग दिवे आधीपेक्षा लवकर पिवळे पडतात. तोपर्यंत काका पुन्हा टूथपेस्ट सुचवायला मोकळे. डॅशबोर्डला खोबरेल तेल लावणारा एक पंथ आहे. त्यांचा डॅशबोर्ड इतका चमकतो की समोरच्या काचेत रस्त्याऐवजी तोच दिसतो.

मेणाबद्दल एवढंच, की चांगलं समजलं जाणारं कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर येतं, आणि तेच मेण लिमलेटच्या जातीच्या गोळ्यांना चमक आणायलाही वापरतात. ही माहिती घरात पोचल्यापासून माझ्या डबीच्या किमतीत किती गोळ्या आल्या असत्या हा हिशेब अधूनमधून निघतो.

आतल्या भागात मी फार शिरत नाही. सीट पूर्ण मागे सारायची, मान स्टिअरिंगखाली घालायची आणि जुन्या टूथब्रशनं सीटच्या रुळात अडकलेलं चिवड्यातलं डाळं उचकटायचं. डाळं सुटतं, उडतं आणि दुसऱ्या रुळात जातं. त्याच्या खालच्या थरात खेड-शिवापूरच्या टोलच्या पावत्या लागतात, म्हणजे हा थर फेब्रुवारी २०२१मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला त्याआधीचा. त्याखाली गुहागरची वाळू. वाळूच्या खाली काय आहे ते अजून कुणी पाहिलेलं नाही.

या सगळ्यावर एकच उपाय म्हणून सिरॅमिक कोटिंग सांगतात. बाटलीवर '९ एच' असं लिहिलेलं असतं आणि विकणारा ते अशा आवाजात उच्चारतो की गिऱ्हाइकाला हिऱ्याच्या शेजारचंच काही वाटावं. प्रत्यक्षात हा आकडा पेन्सिलीच्या चाचणीतला. निरनिराळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबानं रंगावर ओढून पाहतात, आणि ९ एच ही त्यातली सर्वांत कठीण पेन्सिल. म्हणजे पेन्सिल घेऊन येणाऱ्यापासून गाडी सुरक्षित झाली. आमच्याकडची मुलं चावी वापरतात. शिवाय कोटिंग लावताना हवेत धूळ नको आणि लावल्यावर किमान दिवसभर पाणी नको, अशी अट असते. धूळ नाही आणि वरून काही ठिबकत नाही अशी जागा आमच्याकडे एकच आहे. ते चेअरमनचं पार्किंग.

दसऱ्याला आई ओल्या कुंकवानं बॉनेटवर स्वस्तिक काढते, हळदीची बोटं ओढते, आणि झेंडूचा हार तारेनं या आरशापासून त्या आरशापर्यंत बांधला जातो. वाऱ्यावर तार पत्र्यावर नाचते. यात आडवं यायची माझी छाती नाही. हळदीचा डाग उन्हानं विटतो, तेवढीच सृष्टीची कृपा.

विकायला काढली का, विकायला काढली का, असं सगळे विचारतच होते, म्हणून यंदा किंमत तरी काढून पाहावी असं ठरवलं. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका ठिकाणाहून तपासणीला एक तरुण आला. त्याच्याजवळ रंगाची जाडी मोजायचं यंत्र होतं. कारखान्यातला मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो, ठोकून पुन्हा रंगवलेला पत्रा याच्या बराच वर जातो. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मान हलवली.

"साहेब, एवढी चमक ओरिजिनल नसते. कुठं ठोकली होती?"

म्हटलं, कुठंच नाही, मी घरीच करतो सगळं. तो समजूतदारपणे हसला. सगळे असंच म्हणतात, असं ते हसणं होतं. यंत्र लावलं. बॉनेट ११०. दरवाजा ११५. टप १०५. त्यानं यंत्र झटकलं, तळहातावर आपटलं, बॅटरी बदलली आणि पुन्हा लावलं. आकडे हलेनात. मग त्यानं यंत्र खिशात घातलं आणि कागदावर, बॉनेटपासून टपापर्यंत प्रत्येक रकान्यापुढे, 'रिपेंटचा संशय' असं लिहून किंमत कापत गेला. फिरत फिरत मागे आला. ऊन तिरपं झालं होतं. खाली वाकून त्यानं डिकीवरची अक्षरं एकेक करून वाचली आणि पेन थांबवलं.

"हा पत्रा मात्र ओरिजिनल आहे," तो म्हणाला.